ढगांचा शेजार
दसरा उलटला की पुण्यात अकराच्या सुमारास सिंहगडाच्या अंगाला पहिला ढग दिसतो, तळहाताएवढा. एक वाजेपर्यंत आभाळभर पिंजलेला कापूस. एकटादुकटा ढग असा टिकत नाहीच. बरं, ऊन सगळीकडे सारखं म्हणून ढगही सगळीकडे, असं म्हणावं तर मधल्या निळ्या जागांचं काय?

ऊन सारखं पडतं, जमीन सारखी तापत नाही. कातळ, डांबर, नांगरलेलं रान लवकर तापतं. ऊस आणि तलाव मागे राहतात. तापल्या जागेवरून उठलेली हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते आणि पुरेशी गार झाली की तिच्यातली वाफ थेंब होऊन दिसू लागते. खाली तापमान ३२ अंश आणि दवबिंदू २० असेल, तर हे साधारण दीड किलोमीटरवर घडतं. शेजारच्या हवेलाही तीच उंची लागू. म्हणून साऱ्यांचे तळ एकाच फळीवर मांडल्यासारखे सपाट. वर गेलेल्या हवेच्या बदल्यात आजूबाजूची हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि तिथे ढग धरत नाही. निळी जागा ती हीच. कामशेतचे पॅराग्लायडरवाले हा नकाशा खालूनच वाचतात.

१८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं या ढगांना ‘क्युम्युलस’ म्हटलं; लॅटिनमध्ये ढीग. नाव चपखल, पण ढीग जागचा हलत नाही. हा ढग मात्र सारखा विरत असतो. कडेची कोरडी हवा आत शिरते, थेंब सुकतात. पहिले ढग असेच फुकट गेल्यासारखे दिसतात, पण जाताना तिथली हवा ओलसर करून जातात. त्याच वाटेनं उठणारा पुढचा ढग मग कमी सुकतो, जास्त उंच जातो. ढग मोठा होऊन बरसला तर त्याचा गार वारा जमिनीलगत पसरतो आणि पुढची उबदार हवा उचलून नवे ढग उभे करतो. वळवाच्या आधी दारं आपटणारा, मातीचा वास आणणारा झोत तो हाच. पाऊस शेजारच्या गावात पडलेला असतो.

परवा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कडेशी एक ढग नजरेत धरून घड्याळ लावलं. आधी त्याची डावी बाजू झिरझिरीत झाली, मग मधे भोक पडलं. सतराव्या मिनिटाला तो नव्हता. मान अवघडली म्हणून क्षणभर खाली पाहिलं. पुन्हा वर पाहतो तो टाकीच्या कडेशी दुसरा, पहिल्याहून थोराड.