उत्सर्ग आणि एस.टी.चे तिकीट

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर रेल्वेमार्गावर नसल्याने तेथील बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानात, दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यात, तहसील कचेरीत वा दवाखान्यात येणाऱ्या खेड्यातील गरिबाची भिस्त बहुतांशी एस.टी.वर असते, आणि म्हणूनच हा प्रवास विनामूल्य असावा काय, हा प्रश्न तेथे हिशेबाइतकाच धर्मविचाराचाही ठरतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे पडू लागले. तरी वाहक आजोबांचे वय आधार कार्डावर पडताळतो, त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो आणि अशा तिकिटांच्या नोंदीवर महामंडळ शासनाकडे प्रतिपूर्ती, म्हणजे न मिळालेल्या भाड्याची भरपाई, मागते.

धर्मशास्त्राच्या परिभाषेत ही रचना दानाची आहे, कारण दानात घेणारा कोण आणि तो पात्र आहे काय, हे आधी ठरावे लागते. तळी, विहिरी, आमराया यांसाठी मात्र त्याच शास्त्राने ‘उत्सर्ग’ हा निराळा विधी सांगितला असून त्यात कर्ता आपले स्वामित्व सोडून ती वस्तू सर्वांसाठी मोकळी करतो, व पुढे तिचे पाणी तो स्वतः प्यायला तरी चार लोकांपैकी एक म्हणूनच पितो; पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला आहे. इस्लामी परंपरेतील वक्फ, म्हणजे ईश्वराच्या नावे कायमची राखलेली मालमत्ता, याच विचाराच्या जवळ जातो, आणि जकातीच्या आठ हक्कदारांत वाटेत अडलेल्या प्रवाशाचीही गणना आहे.

रस्त्यावरून चालणाऱ्याचे वय वा उत्पन्न कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याच्यासाठी एस.टी. हा त्या रस्त्याचाच उरलेला भाग असल्याने तीही उत्सर्गाच्या न्यायाने सर्वांना मोकळी असणे योग्य होय. श्रीमंतही फुकट बसेल, हा आक्षेप येथे लटका पडतो, कारण सार्वजनिक विहिरीवर तोही पाणी भरतोच. खरी अडचण वेगळी आहे: बसला प्रत्येक फेरीस डिझेल लागते, आणि भाडे माफ करून भरपाई रखडली तर आगारातील गाड्या खिळखिळ्या होतात, खेड्यातील मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी बस, बंद पडते. शास्त्राने नव्या बांधकामाइतकेच जीर्णोद्धारालाही पुण्य मानले, ते उगाच नव्हे. म्हणून शासनाकडे आज एकाच गोष्टीपुरता पैसा असेल, तर तो आधी मुक्कामी गाडीवर खर्चावा आणि तिकीट त्यानंतर माफ करावे; कारण गाडीच न आलेल्या गावात विद्यार्थिनीच्या हातातील मोफत पास तिला शाळेत नेऊ शकत नाही.