जेजी-६२ ची ओळ

जानेवारीत मंडईच्या बाहेर हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांच्या जुड्या दिसू लागतात. पुण्यात आपल्याला हरभरा भेटतो तो असा, नाहीतर थेट पुरणात. शेतात मात्र त्याच्या मागे मर रोग लागलेला असतो. काल टवटवीत असलेलं झाड आज मान टाकतं. पाणी दिलं तरी उठत नाही. ते उपटून मुळापासून उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. फ्युजारियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरलेली असते आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्याच तिने निकामी केलेल्या असतात. पुढे हरभरा पेरला नाही, तरी ती त्या जमिनीत सहा वर्षंसुद्धा तग धरते. म्हणून ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची बीजप्रक्रिया करतात, फेरपालट करतात, पण खरी भिस्त रोग सोसणाऱ्या वाणावरच.

वाण रोग सोसतं, हे ठरवायचं कसं? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्यासाठी रोगट जमीन मुद्दाम राखावी लागते. संशोधक तिला ‘सिक प्लॉट’ म्हणतात. एरवी शेतकरी मेलेली झाडं उपटून जाळतो. इथे ती बारीक करून त्याच मातीत गाडतात, म्हणजे बुरशी सगळीकडे सारखी पसरते. मग नव्या वाणांच्या ओळी पेरतात आणि ठरावीक ओळींनंतर एक ओळ जेजी-६२ ची.

जेजी-६२ हे जबलपूरचं जुनं वाण. त्याच्या एकेका देठावर दोन-दोन घाटे लागतात, फार देखणं दिसतं ते. पण मर रोगापुढे त्याचा टिकाव लागत नाही, पेरणीनंतर काही आठवड्यांतच ते आडवं होतं. आणि नेमकं म्हणूनच ते पेरायचं. त्याची ओळ पूर्ण वाळली, तरच तिथल्या मातीत रोग होता हे सिद्ध होतं आणि शेजारच्या हिरव्या ओळीवर विश्वास ठेवता येतो. जेजी-६२ वाचलं, तर शेजारचं वाण कितीही डोलत असो, त्याची परीक्षाच झालेली नसते. मला या कामातला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. गुण द्यायच्या आधी प्रश्नपत्रिका खरोखर अवघड होती का, हे इथे दरवर्षी तपासलं जातं.

मोजणीही एकदा करून भागत नाही. काही वाणं रोपावस्थेत तरून जातात आणि ऐन घाटे भरताना मरतात. पहिल्या महिन्यातच निकाल लावला, तर त्यांना उगाच शाबासकी मिळेल.

अशा कसोटीतून उतरलेलं राहुरीचं ‘विजय’ हे वाण महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, पुढे ‘दिग्विजय’ आलं. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने राहुरीच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन जेजी-६२ आणि विजय यांच्या संकरातून आलेली पिढी अभ्यासली. कुठली झाडं मरतात, कुठली जगतात, आणि त्यांच्या डीएनएत फरक कुठे आहे, हे जुळवून रोग सोसणाऱ्या जनुकांच्या जागा त्यांनी शोधल्या. ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही विजयची ताकद जेजी-६२ च्या सोबतीनेच कळली.

हे काम संपत नाही, कारण बुरशीही एकच एक नाही. भारतात तिचे चार प्रकार आहेत, हे १९८२ मध्येच नोंदलं गेलं. एका भागात ताठ उभं राहिलेलं वाण दुसऱ्या भागात कोसळू शकतं. त्यामुळे राहुरीत उत्तीर्ण झालेल्या वाणाची बदनापूरला, अकोल्याला, हैदराबादजवळच्या पाटणचेरूला पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, आणि प्रत्येक ठिकाणी जेजी-६२ पुन्हा पेरावं लागतं. रब्बीच्या तोंडावर शेतकरी दुकानात बियाण्याची पिशवी हातात घेऊन विचारतो, “हे मर रोगाला कसं आहे?” त्याला मिळणारं खात्रीचं उत्तर या वाळलेल्या ओळींनी दिलेलं असतं.