गुडघ्यांवरून ऊठ आता

चहा नंतर. आधी ऐकून घे, आणि मध्ये 'पण बाई' म्हणू नकोस.

ठेकेदारानं ब्रेक दिला आणि परत बोलावलं नाही. चाकणच्या पट्ट्यात हे रोज कुणाच्या तरी वाट्याला येतं. त्यात तुझा दोष नाही, त्याबद्दल मी बोलतही नाही. बोलतेय ते नंतरच्या दिवसांबद्दल. चऱ्होलीतल्या त्या खोलीत दार लावून पडायचं, मालक भाडं मागायला आला की 'प्रभू काहीतरी करील' म्हणायचं, आणि रविवारी उपासनेत उभं राहून सांगायचं, माझ्यासाठी प्रार्थना करा. मंडळी करते, पाळकसाहेब करतात, मीही करते. तू काय करतोस?

उपवास करतोस म्हणे. अरे, घरात पोरीच्या दुधाला पैसे नाहीत म्हणून उपाशी राहणं आणि उपवास-प्रार्थना करणं यातला फरक कळत नाही तुला?

पंडिता रमाबाईंचं नाव तुला रविवारच्या शाळेत मीच शिकवलंय. फक्त नावच लक्षात ठेवलेलं दिसतंय. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष अंगावर घेतलेला माणूस. १८७४च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा त्या घरानं व्रतं केली, दानं दिली, होतं नव्हतं ते देव पावेल या भरवशावर संपवलं. हाताला दुसरं काम येत नव्हतं आणि अंगमेहनत करायला जातीचा मान आडवा येत होता. काही महिन्यांत आई, वडील, थोरली बहीण तिघंही गेली. रमाबाई तेव्हा सोळाच्या. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय, काही न लपवता. पुढं १८८०ला भाऊ गेला, १८८२ला नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ला इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि मग ही बाई हात जोडून बसून राहिली का? १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि उठून तिकडं गेल्या. तीनशेच्या आसपास मुली-बाया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. आलेल्या प्रत्येकीच्या हाताला काहीतरी काम शिकवायचा त्यांचा हट्ट होता. तो कुठून आला, ते तुला आता कळायला हवं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल उतरवायला बसल्या. १९२१ला एकुलती लेक मनोरमा गेली, तरी ते काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ला स्वतः गेल्या, त्याआधी ते पुरं केलेलं होतं.

आणि तू? डोंगऱ्यांच्या घरात जे झालं तेच तू करतोयस, फक्त देवाचं नाव बदललंस.

याकोबाचं पत्र काढ. शहाणपण उणं असेल तर देवाजवळ मागा, हे तुला तोंडपाठ आहे, कारण ते पहिल्या अध्यायात आहे. कृतीवाचूनचा विश्वास मेलेला, हे दुसऱ्या अध्यायात आहे. तिथवर वाचलं नाहीस की वाचून पान उलटलंस?

तीन वर्षं सीएनसीवर उभा होतास. शेजारच्या मशिनवरचा पोरगा सेटरच्या मागं मागं फिरून ऑफसेट द्यायला शिकला, ड्रॉइंग वाचायला शिकला. तू जॉब लावलास, बटण दाबलंस, जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढलास. आता दिवसभर मोकळा आहेस तर त्याच मोबाइलवर त्या प्रचारकाचे व्हिडिओ बघतोस. सात दिवसांत चमत्कार! वर त्याला पाचशे रुपये पाठवलेस. मला कसं कळलं म्हणून विचारू नकोस. बायकोवर डोळे वटारू नकोस, ती बिचारी रडत आली होती.

थोरल्या पादुकांजवळ दरवर्षी तू पालखीला पाणी वाटतोस. वारीतल्या बाया पंढरपूरपर्यंत पायी जातात, विठोबाला आळंदीत आणून सोडा म्हणत नाहीत. नारायण वामन टिळकांना त्यांची भक्ती कळत होती, म्हणून तर ख्रिस्ताचे अभंग लिहिले त्यांनी. आणि टिळकांची बायको, लक्ष्मीबाई! १८९५ला नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यांचा संसार मोडून पडला. जेमतेम अक्षरओळख असलेली बाई. काही वर्षांनी स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढं 'स्मृतिचित्रे' लिहिलं, आणि त्यात वाचणाऱ्याला रडवतात त्याहून जास्त हसवतात. तू मात्र साक्ष द्यायला उभा राहिलास की अर्धा तास स्वतःचीच कीव करतोस. गावाकडं वडिलांना अजून सांगितलंही नाहीस. लाज वाटते? वाटू दे. सांग तरी.

शेवटच्या महिन्याचा पगार अडकलाय म्हणालास. मागितलास? ठेकेदारानं बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. पीएफ भरलाय की नाही हे बघितलंस? यूएएन नंबर कुठाय? माहीत नाही. देवाकडं शहाणपण मागतोस आणि ठेकेदाराकडं पगाराची स्लिप मागायला जीभ टाळ्याला चिकटते.

प्रार्थना सोडू नकोस. पहाटे कर, मनापासून कर, आणि नऊच्या आत घराबाहेर पड. गेटपास, बँकेचं पासबुक, आयटीआयचं सर्टिफिकेट उद्या संध्याकाळी इथं घेऊन ये. कामगार आयुक्तांकडचा अर्ज आपण दोघं बसून लिहू. अक्षर तुझं असेल, मी फक्त चुका काढीन. आणि त्या प्रचारकाला आता एक रुपया गेला तर या घराची पायरी चढू नकोस.

घे, चहा घे.