हाडं दैवाची, मैदान आपलं

सोयाबीन पेरून आभाळाकडं बघत बसणाऱ्या माणसाला दैव म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. आमचा मानोरा तालुका बहुतेक कोरडवाहू. पाऊस वेळेवर पडला तर पीक, नाही तर पुढच्या वर्षीची वाट. ‘नशिबात असंन तं होईन’ असं इथला माणूस म्हणतो, त्यामागं आळस नसतो. दोन-तीन पिढ्यांचा अनुभव असतो. मी याच तालुक्यात क्रीडाशिक्षक होतो. कबड्डी, खो-खो शिकवणं ही नोकरी होती आणि बास्केटबॉल ही हौस. दैवाचा विचार मला या हौसेनंच करायला लावला. कबड्डीत ठेंगणा पोरगा चपळाईवर निभावून नेतो. बास्केटबॉलची रिंग मात्र जमिनीपासून 3.05 मीटरवर असते आणि ती कुणासाठी खाली येत नाही.

तांड्यावरचा एक बाप पोराला घेऊन आला होता. म्हणाला, “सर, याची उंची वाढंन काय जी? पोहरादेवीले नवस बोललो मी.” पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबाहेरूनही माणसं येतात. त्या बापाची श्रद्धा खरी होती आणि हिशेबही पक्का होता. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. आपल्या देशात निव्वळ बास्केटबॉलवर पोट भरणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. इथला ‘व्यावसायिक’ खेळाडू म्हणजे रेल्वेत, बँकेत किंवा तेल कंपनीत नोकरी मिळवून त्यांच्या संघाकडून खेळणारा. म्हणजे त्या बापाच्या लेखी पोराची उंची हा पगार होता, आणि तो देणं देवाच्या हातात होतं.

मी त्याला म्हटलं, उंची मागायची ती तुम्हा दोघा नवरा-बायकोच्या हाडांकडं आणि पोराच्या ताटातल्या डाळ-दुधाकडं. बाकी नवस बोलला आहात तर फेडा. तो हसला आणि गेला. पण त्याचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. न कमावता मिळालेल्या देहावर माणसाचं यश किती अवलंबून असतं? आणि ते तसं असेल, तर मी शिट्टी घेऊन रोज सकाळी काय करत होतो?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. कर्म जिथं घडतं ते ठिकाण, म्हणजे भाष्यकारांच्या मते देह, मग करणारा, मग साधनं, मग नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. आमच्याकडच्या पारायणांत मी हे अनेकदा ऐकलं. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाताना पाचव्या कारणाचं नाव तेवढं बरोबर नेतात. आधीची चार मंडपातच राहतात.

त्या चारांचं वजन मला पंजाबातल्या एका घराकडं बघून कळलं. बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 साली अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसच्या संघानं त्याला 52व्या क्रमांकावर घेतलं. उंची सात फुटांच्या वर. पण त्याचे वडीलही सात फुटांच्या वरच होते. त्यांनाही खेळायचं होतं, घरच्यांनी शेतीला जुंपलं. पुढं ते शेती आणि पिठाची गिरणी सांभाळत राहिले. हाडं तीच, रक्त तेच, गावही तेच. फरक एवढाच की मुलाच्या वेळी लुधियानात बास्केटबॉलची अकादमी होती, आणि त्याला तिथं पोचवावं हे बापाला सुचलं. ‘बापाच्या नशिबात नव्हतं’ असं इथं कुणी म्हणालं, तर मी विचारीन: नशिबात काय नव्हतं? उंची तर होती. नव्हतं ते मैदान, आणि मैदान देव बांधत नाही. सतनाम पुढं एनबीएचा एकही मुख्य सामना खेळला नाही आणि शेवटी कुस्तीच्या रिंगणात गेला, हे खरं. पण त्याला आपली उंची अजमावून बघता आली. बापाला ती संधीच मिळाली नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचं. दाटीवाटीची, कष्टकरी वस्ती. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथं नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. मिशनरी आणि वायएमसीएच्या मंडळींनी त्या भागात बास्केटबॉल रुजवला. मस्तान तलावाच्या मैदानावर बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकानं आयुष्य घातलं. त्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर आले. ते भारताचे कर्णधार झाले आणि 1970 साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांच्या मागंपुढं त्याच वस्तीनं देशाला कितीतरी खेळाडू दिले. आता नागपाड्यातल्या मुसलमान पोरांची हाडं शेजारच्या भायखळ्यातल्या पोरांपेक्षा देवानं वेगळी घडवली होती का? तिथं कोर्ट होतं, चेंडू होता आणि संध्याकाळी हटकून येणारा माणूस होता. हा खेळ 1891 साली धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नाइस्मिथनं एका ख्रिस्ती प्रशिक्षणशाळेत शोधला. हा खेळ मुसलमान वस्तीत वाढला आणि तांड्यावरच्या पोरांपर्यंतही पोचला. प्रत्येक ठिकाणी देव वेगळा होता. मैदान मात्र माणसांनीच आखलं होतं.

मैदान म्हणजे फार मोठं काही लागतं, असंही नाही. मी ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, ते वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलं. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकानं बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला आणि म्हातारा नाइस्मिथ तो बघायला हजर होता. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टावर, भर पावसात झाला. चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेनं कॅनडाला 19-8 असं हरवलं. आमच्या शाळेत मुरमावर फक्कीनं रेघा मारून आणि गावातल्या वेल्डरकडून रिंग जोडून घेऊन मी पोरांना शिकवायचो, तेव्हा ‘सर, इथं टप्पाच पडत नाही’ ही तक्रार रोजची. मी त्यांना बर्लिनचं सांगायचो. चिखलात सुवर्णपदक मिळतं, पण चिखल तरी आखलेला पाहिजे.

मग पोरं विचारत, मैदान मिळालं, उंचीही मिळाली, तर झालं का? त्यावर मी एनबीएतल्या विल्ट चेंबरलेनची गोष्ट सांगत असे. उंची सात फूट एक इंच. 2 मार्च 1962 रोजी त्यानं एका सामन्यात 100 गुण केले. एनबीएतला तो विक्रम अजून मोडलेला नाही. बास्केटबॉलमध्ये एकच जागा अशी आहे जिथं उंचीची फारशी गरज पडत नाही: फ्री थ्रो. साडेचार मीटरवरून, समोर कुणी आडवं नाही, एकट्यानं चेंडू टाकायचा. विल्टला तेच जमत नसे. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून चेंडू सोडायचा आणि त्या दिवशी 32 पैकी 28 फ्री थ्रो त्यानं आत टाकले. तरी पुढं त्यानं ती पद्धत सोडली. तसं टाकताना आपण बायकी दिसतो, याची त्याला लाज वाटायची, असं त्यानं स्वतःच लिहिलं आहे. कारकीर्दभराचे त्याचे निम्मेच फ्री थ्रो आत गेले. त्याच पद्धतीनं टाकणारा रिक बॅरी दहातले नऊ आत टाकत असे. दैवानं विल्टला सगळं दिलं होतं, अडवलं ते ‘लोक काय म्हणतील’नं. ही लाज चौथ्या कारणातली, प्रयत्नातली खोट आहे. तिच्यावर नवस चालत नाही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातात नसते.

यावर माझे एक कीर्तनकार स्नेही म्हणतात, “गुरुजी, तुम्ही गरिबाचा आधारच काढून घेता. ‘नशीब’ म्हणून तर तो रात्री झोपू शकतो.” त्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. ज्याचं पीक गारपिटीनं गेलं, ज्याचं पोर मैदान-प्रशिक्षक मिळूनही निवडीत मागं पडलं, त्याला ‘तुझे प्रयत्न कमी पडले’ म्हणणं निर्दयपणा आहे. तिथं दैव हाच खरा आणि दयाळू शब्द. पण ज्या पोरीला रिंग कधी बघायलाच मिळाली नाही, तिच्या बाबतीत तोच शब्द वापरणं म्हणजे आपली जबाबदारी देवाच्या माथी मारणं. मला तर वाटतं, दैव हा शब्द आपल्या यशासाठी राखून ठेवावा. उंच पोरानं म्हणावं, ही उंची माझी कमाई नाही. नोकरी लागलेल्यानं म्हणावं, मला मैदान कुणी तरी दिलं. असं म्हटल्यानं अहंकार उतरतो. दुसऱ्याच्या अपयशाला मात्र दैव म्हणण्याआधी तिथं काय नव्हतं ते नीट तपासावं.

तेव्हा मानोऱ्यात ज्यांच्या हातात शाळेची समिती आहे, ग्रामपंचायत आहे, मंदिराची वर्गणी आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. एक खांब, 3.05 मीटरवर एक रिंग, खाली सिमेंटचा सपाट तुकडा आणि संध्याकाळी तिथं येणारा एक शिक्षक, एवढं करा. पोरांची उंची देव बघून घेईल.