तिचा शब्द

"काढूनच टाका, डॉक्टरसाहेब. उगाच धोका नको." स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या भगिनीच्या शेजारी बसून हे वाक्य बहुधा तिचा पती, दीर किंवा मुलगा बोलतो. त्यात प्रेम असते, भीतीही असते. नसतो तो तिचा शब्द.

छत्रपती संभाजीनगरात 2012 साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची मुंबईची खेप वाचली. उपचार जवळ आले, तसे ते निवडण्याचे प्रश्नही घराच्या उंबऱ्यापाशी आले. गाठ मोठी असल्यास आधी केमोथेरपीने ती लहान करावी व मग स्तन राखून तेवढाच भाग काढावा, ही पद्धत आता रुळली आहे. योग्य रुग्ण निवडून पुढे किरणोपचार दिले, तर स्तन राखूनही आयुष्य तितकेच लाभते, हे मिलान व अमेरिका येथील अभ्यासांनी वीस वर्षांच्या पाहणीनंतर 2002 साली दाखवून दिले. तेव्हा स्तन राखावासा वाटणे म्हणजे जिवापेक्षा रूपाला जपणे, हा आरोप आम्हांला अन्यायाचा वाटतो. 5 फेब्रुवारीला आपण जिचा सण पाळतो, त्या संत आगाथेचे स्तन छळकर्त्यांनी कापले. तुरुंगात संत पेत्राने ते बरे केले, असे परंपरा सांगते. तिची ती हानी परंपरेने क्षुल्लक मानली नाही.

मात्र या मार्गाला एक वळण आहे. केमोथेरपीने गाठ दर वेळी चहूबाजूंनी सारखी आक्रसत नाही. कधी ती विरते, पण मागे पेशींची विखुरलेली बेटे उरतात. काढलेल्या भागाच्या कडांना शाई लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कर्कपेशी शाईला भिडलेल्या दिसल्या, तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तोवर ती घरी परतलेली असते. कोणी आभाराची मिस्साही अर्पण केलेली असते. मग कुजबुज सुरू होते: आधीच सगळे काढले असते तर?

दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे कोणाची चूकच, असे नव्हे. चूक होते ती, "घाबरेल बिचारी" म्हणून ही शक्यता तिच्यापासून लपवण्यात. पोप बारावे पायस यांनी 1952 सालच्या भाषणात सांगितले, की संपूर्ण देहाच्या हितासाठी अवयवाचा त्याग करता येतो. पण रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला अधिकार नाही. पहिला भाग आपण सोयीस्करपणे ध्यानात ठेवतो. डॉक्टरलाही जो अधिकार नाही, तो दिराला कोठून आला?

सारे ऐकून तिने म्हटले, "पुन्हा टेबलावर जाण्याची माझी ताकद नाही, एकदाच काय ते काढा," तर तो निर्णय आदराचाच आहे. (मोठ्या गाठीत त्यानंतरही अनेकदा किरणोपचार लागतात, हेही तिला आधी कळावे.) पण जालन्या-बीडच्या खेड्यातून आलेली बाई शहरात उतरायला जागा नाही, मागे लेकरांना पाहायला कोणी नाही, एवढ्याच कारणाने तसे म्हणत असेल, तर तिच्या तोंडून आपल्या धर्मग्रामाची उणीव बोलत असते. तिच्या मुलांचा दोन आठवड्यांचा डबा कोणत्या घरून जाईल, हे डॉक्टरला ठरवता येणार नाही.