प्रेक्षकाचा धर्म : कबड्डी आणि खो-खोच्या निमित्ताने

ज्या खेळाला आमच्या घरांत 'हुतुतू' म्हणत, त्यालाच गल्लीतली तेलुगू मुले 'चेडुगुडू' म्हणत. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत वाढलेल्या आमच्या पिढीला दोन्ही शब्द सारखेच आपले वाटत. चढाई करणाऱ्याने स्वतःच्या भाषेत दम घुमवावा, एवढाच तह होता. त्याच शहरातील गच्चीबावलीच्या बंदिस्त क्रीडागारात आता 'तेलुगू टायटन्स'चे सामने रंगतात. दिव्यांचा झगमगाट असतो, संगीत असते, प्रत्येक चढाईचे चित्रण लगोलग पुन्हा दाखवले जाते. हा बदल पाहून आमच्यातील काही जण हळहळतात, काही हरखून जातात. आम्हांस मात्र त्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने पडतो : खेळ कोणाचा असतो? खेळणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा? आणि पाहणाऱ्यालाही काही धर्म असतो काय?

या प्रश्नाची एक बाजू पश्चिमेकडील दोन खेळांच्या तुलनेतून स्पष्ट होते. अमेरिकन फुटबॉल हा रग्बीच्याच पोटी जन्मलेला खेळ. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई आहे. गडी पडला तरी खेळ बहुधा थांबत नाही आणि ऐंशी मिनिटे झुंज वाहत राहते. अमेरिकेत 1880 नंतरच्या काळात प्रत्येक झुंजीनंतर खेळ थांबवून नव्याने मांडणी करण्याची पद्धत रूढ झाली, आणि 1906 मध्ये पुढे चेंडू फेकण्यासही परवानगी मिळाली. खेळाचे असे सुटे सुटे तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याआधी उत्कंठा, नंतर चर्चा, आणि मधल्या वेळेत जाहिरात! साठ मिनिटांच्या त्या सामन्याचे प्रसारण तीन तासांहूनही अधिक चालते. रग्बीचा प्रेक्षक प्रवाहात बुडतो, अमेरिकन फुटबॉलचा प्रेक्षक डाव वाचतो. दोन्ही सुखे खरी आहेत, पण ती एक नव्हेत.

हाच भेद आपल्या मातीतील दोन खेळांतही आहे. कबड्डी मुळातच तुकड्यांची आहे : एक चढाई, एक श्वास, एक निकाल. खो-खो मात्र प्रवाही आहे. आठ गडी मध्यपाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. त्याने मध्यपाटी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याखेरीज बदलायची नाही. बचाव करणाऱ्यांना मात्र सर्व दिशा मोकळ्या. दूरचित्रवाणीने कबड्डीला आधी उचलले याचे आश्चर्य वाटू नये. तुकडा मोजता येतो, पुन्हा दाखवता येतो आणि विकताही येतो. प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली. खो-खोच्या 'अल्टिमेट' स्पर्धेला 2022 उजाडावे लागले.

पण उचलताना खेळ जसाच्या तसा उचलला गेला नाही. कबड्डीतील चढाईला पूर्वी दमाचेच माप होते. आपला दम तुटला हे पंचाच्याही आधी चढाई करणाऱ्याला स्वतःला कळे. गल्लीतल्या खेळात तर पंचच नसे. हात उंचावून आपणहून बाहेर जाणे हाच रिवाज होता. तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नसे. आज दम घुमवण्याचा नियम कायम आहे, पण चढाईची मर्यादा तीस सेकंदांच्या घड्याळाने ठरते, आणि कोणाचा स्पर्श कोणाला झाला याचा अखेरचा निवाडा चित्रफितीकडे मागता येतो. आतले माप जाऊन बाहेरचे माप आले. निवाडा अधिक अचूक झाला हे खरे. पण ज्या सचोटीची पूर्वी खेळाला गरज होती, तिच्यावाचून आता खेळाचे काही अडत नाही.

येथे आमच्याच मनातील दुसरा पक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. प्रेक्षक नव्हता तेव्हा खेळाडूचे काय होते? पोलीस, रेल्वे किंवा बँकेतील एखादी नोकरी मिळाली तर मिळाली. नाहीतर गुडघे झिजेपर्यंत मैदान आणि नंतर विस्मरण. 2023 च्या लिलावात आपल्या तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या खेळाडूस 2 कोटी 60 लाखांहून अधिक रक्कम देऊन घेतले. त्याच मोसमात संघ तळाला राहिला, हा भाग निराळा. विकत घेता येत नाही असे खेळात अजून काही उरले आहे, याचेच ते गमक. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या अंगच्या कसबाचे मोल मिळाले, हे पाहून ज्याला बरे वाटत नाही, त्याच्या शुद्धतेच्या आग्रहात थोडा स्वार्थ आहे असे म्हणावे लागेल. आपल्या बालपणीचे चित्र जसेच्या तसे राहावे म्हणून दुसऱ्याने गरीब राहावे, ही मागणी नीतीला धरून नाही.

शिवाय 'मूळ शुद्ध खेळ' असा कधी होता तरी काय? पुणे, सातारा, बडोदे येथील संस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियम बांधले, ते गावोगावचे निरनिराळे रिवाज मोडूनच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले, तेही पाहणाऱ्यांसाठीच. दोन गावांनी एकत्र खेळावे आणि तिसऱ्याने ते पाहावे, या इच्छेतूनच नियम जन्मतात.

तेव्हा बदल झाला म्हणून खेळ बाटला, असे म्हणता येत नाही. कसोटी निराळी हवी. प्रत्येक खेळ खेळणाऱ्याला एक प्रश्न विचारत असतो. बदलाने तो प्रश्न अधिक धारदार होतो, की त्याच्या जागी दुसराच प्रश्न येतो, हे पाहावे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद, हा नियम प्रेक्षकासाठी आला असला तरी कबड्डीचाच प्रश्न तीव्र करतो : एकट्याने शत्रूच्या अंगणात जाऊन परत येण्याची तुझी छाती आहे काय? याउलट अल्टिमेट खो-खोत 'वजीर' नावाचा पाठलागी कोणत्याही दिशेला धावू शकतो. त्याने वेग वाढतो, टाळ्याही पडतात. पण मागे वळता न येणे हाच तर खो-खोचा प्रश्न होता! वळता येत नाही म्हणून बसलेल्या सोबत्याला साद घालावी लागते. वजीराला तितकी गरज उरत नाही.

आणि येथेच प्रेक्षकाचा धर्म सुरू होतो. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावरील दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. प्रेक्षक या दोहोंपैकी कोणीच नाही. तो खेळत नाही, पण तटस्थही नसतो. त्याची नजर जिकडे जाते तिकडे कॅमेरा, पैसा आणि अखेरीस नियमही जातात. म्हणून पाहणे हे कृत्य आहे आणि त्याची जबाबदारी आहे. धावणाऱ्याकडे कोणीही पाहतो. पाटीवर बसलेल्याकडे, पाठीमागून येणाऱ्या 'खो'साठी अंग आवळून थांबलेल्याकडे पाहायला शिकावे लागते. खो देणारा आपला पाठलाग सोडून त्याच क्षणी दुसऱ्याच्या जागी बसतो. पुढचा गडी टिपला गेला, तर ते श्रेय जितके टिपणाऱ्याचे, तितकेच वेळेवर बसणाऱ्याचे असते. हे ज्या प्रेक्षकाला दिसते, त्याच्यासाठी खेळ सोपा करून द्यावा लागत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. वाईकर 'तेलुगू योद्धाज'कडूनही खेळलेला. मराठी गडी तेलुगू संघात, ही गोष्ट आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेल्या कुटुंबांना मुळीच नवी नाही. आपण तिचा अभिमान बाळगला, तो योग्यच. परंतु आपल्या नातवंडांपैकी किती जणांना 'खो' कधी द्यावा हे ठाऊक आहे, असाही प्रश्न त्याच वेळी स्वतःला विचारला पाहिजे. ज्याने एकदा तरी पाटीवर बसून वाट पाहिली आहे, त्यालाच बसलेला गडी दिसतो. चांगला प्रेक्षक घडवायचा तर त्याला आधी, थोडा वेळ का होईना, मैदानात उतरवले पाहिजे. तेवढे आपल्या हातात आहे.