दारातच नाही म्हणणं

मी राजगुरुनगरात राहतो आणि चाकणच्या पाच-सहा लहान कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो. प्रेस पार्ट, फिक्श्चर, पावडर कोटिंग अशी कामं करणारी ही मंडळी. त्यांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग, पेमेंटचे तगादे सगळं मेलवर चालतं, आणि त्याच दारातून कचऱ्याचे लोंढेही येतात. हा कचरा अडवायचा कसा, याची तांत्रिक उत्तरं भरपूर आहेत. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र, त्याला न सांगता परस्पर फेकून द्यायचा अधिकार मला कुणी दिला?

पोस्टमनने लग्नपत्रिका दिली आणि जाहिरात नाल्यात टाकली, तर आपण त्याची तक्रार करू. माझ्याकडून मात्र नेमकी तीच निवड अपेक्षित असते. फरक आहे तो तिकिटाचा. कागदी पत्राचा खर्च पाठवणारा करतो, ईमेलचा बराचसा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्कने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे पत्त्यांवर आपल्या संगणकांची जाहिरात पाठवली. पत्ते इतके झाले की काही मजकुरातच सांडले. लोक चिडले, पण म्हणे मालही खपला. पुढचं सगळं त्यातच आलं.

खर्च माझा आणि माझ्या ग्राहकांचा, म्हणून अडवण्याचा हक्कही आमचा, इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. अडवायचं कसं, इथे ती अवघड होते.

मेल पोचवण्याची रीत १९८२ साली जॉन पोस्टेलने लिहून ठेवली, आणि थोड्याफार डागडुजीने तीच आजही चालते. त्यात एक जागा मला फार आवडते. समोरचा सर्व्हर पूर्ण पत्र देऊन थांबतो आणि माझा सर्व्हर म्हणतो, '२५०'. म्हणजे मिळालं. या आकड्याचा अर्थ नुसती पोच नव्हे. हे पत्र आता माझ्या जबाबदारीवर आहे, एक तर मी ते पोचवीन, नाहीतर पोचलं नाही असं कळवीन, असा तो शब्द आहे. '२५०' म्हणून मग पत्र गुपचूप नष्ट करणं म्हणजे सरळ शब्द मोडणं. समोरच्याला वाटतं पोचलं. भोसरीचा कुणी कोटेशनच्या उत्तराची आठवडाभर वाट बघतो आणि शेवटी समजतो की चाकणवाल्याला आपलं काम नको आहे. दोघांपैकी कुणालाच कळत नाही की मध्ये एक तिसरा बसला होता.

मग कळवावं का? तीही पंचाईत. कचऱ्यावर पाठवणाऱ्याचं नाव बहुधा खोटं असतं. 'आपलं पत्र स्वीकारता आलं नाही' असं मी सभ्यपणे लिहिलं, तर ते ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाच्या दारात जाऊन पडतं. हजारांनी. माझा प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या घरी कचरा होतो.

म्हणून उरतो तो दारातला नकार. शब्द देण्याआधीच, संभाषण चालू असतानाच '५५०' म्हणायचं. मग कळवायचं काम पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचं. पाठवणारा खरा असेल तर त्याला समजतं आणि तो फोन उचलतो. त्याहून सौम्य युक्ती २००३ मध्ये एव्हान हॅरिसने मांडली: अनोळखी सर्व्हरला 'आत्ता नको, थोड्या वेळाने या' म्हणायचं. खरा टपालवाला परत येतो, घाईतला फेरीवाला सहसा येत नाही. यात कुणाचं पत्र वाचावं लागत नाही, कुणावर शिक्का बसत नाही. (ओटीपीची वाट बघणारा माणूस मात्र पाचव्या मिनिटाला मला फोन करतो.)

शिक्क्यांचं काम काळ्या याद्या करतात. त्यांच्याशिवाय भागत नाही हे मान्य. पण यादीत माणूस नसतो, आयपी पत्ता असतो, आणि कधीकधी पत्त्यांची अख्खी आळी. स्वस्तातल्या होस्टिंगवर माझा ग्राहक ज्या आळीत राहतो, तिथला कुणी उपद्व्यापी निघाला की त्याचंही कोटेशन अडतं. स्प्यूज नावाची एक यादी तर शेजाऱ्यांना मुद्दाम अडवायची, म्हणजे ते घरमालकाच्या मागे लागतील. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, त्याचे चटके महाराष्ट्रातल्या पारध्यांना आजही बसतात. एका अडलेल्या मेलची त्या यातनांशी बरोबरी करणं हास्यास्पद आहे. पण 'तुम्ही काय केलं' याऐवजी 'तुम्ही कुठले' असं विचारणं सोयीचं असतं, आणि सोय हेच तिथेही कारण होतं.

हे काम सरकारवर सोपवावं, तर तेही करून झालं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६-अ कलमात, त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी केलेल्या ईमेलला शिक्षा होती. वाचताना वाटेल, कचरा टाकणाऱ्यांसाठीच लिहिलंय. लोकांच्या लक्षात ते राहिलं पालघरमुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि ते 'लाइक' करणारी दुसरी, दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं. 'त्रास' हा शब्द कायद्यात इतका सैल असला की तो कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. माझ्या चाळणीतही तोच शब्द आहे, फक्त तिथे त्याला गुण दिलेले असतात. पाचाच्या वर गेलात की संशयित.

संशयितांना मी फेकत नाही. ते बाजूला ठेवतो आणि रोज सकाळी मालकांना यादी जाते: कुणाकडून, कोणत्या विषयाचं. मजकूर मी उघडत नाही. कुरुळीचे एक मालक म्हणतात, "अरे, तूच बघ आणि टाक, आम्हाला कुठला वेळ?" मी म्हणतो, "शेठ, पत्रं तुमची आहेत." ते हसतात. त्यांची यादी बरेच दिवस कुणी उघडत नाही, हे मला सर्व्हरवर दिसतं. तीस दिवसांनी ती पत्रं आपोआप पुसली जातात. ते तीस मीच ठरवलेत.